परदेशात चित्रं विकून पोट भरतं का? पोर्टफोलिओच्या आधी व्हिसावरची ओळ वाचा

अंबाजोगाईच्या शाळांत चित्र काढणाऱ्या मुलांची कमी नाही. एलिमेंटरी होते, इंटरमिजिएटला ए ग्रेड येते, दहावीला वाढीव गुण मिळतात आणि मग रंगपेटी माळ्यावर जाते, मूल लातूरच्या क्लासला. काही मुलं मात्र ऐकत नाहीत. संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयात किंवा मुंबईला जेजेत जातात, इलस्ट्रेशन, ॲनिमेशन शिकतात आणि एक दिवस घरात विषय काढतात, ‘बाहेर जायचंय. नोकरीला नाही, स्वतःचं काम करायला.’

घरचे विचारतात, चित्रं विकून तिथं भागेल का? प्रश्न रास्त आहे, पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला असा, की तिथं तुला स्वतःचं चित्र विकायची परवानगी तरी असेल का?

आम्हा इंजिनिअरिंगवाल्यांना हा प्रश्न कधी पडलाच नाही. कंपनी व्हिसा काढते, आपण बॅग भरतो. कलाकाराला कंपनी नसते. म्हणून त्याचं बाहेरचं गणित हातातल्या कलेपेक्षा कागदावर जास्त ठरतं, आणि आपल्याकडे नेमकं याच कागदाबद्दल कुणी बोलत नाही.

इन्स्टाग्रामवरची एक ऑर्डरही अडचणीची

अमेरिकेपासून सुरुवात करू, कारण आपल्याकडून सर्वाधिक डोळे तिकडेच लागलेले असतात. एच-१बी व्हिसावर ज्या कंपनीनं बोलावलं तिचंच काम करता येतं. शनिवार-रविवारी कॅनव्हास रंगवा, कुणी अडवत नाही. तो नियमितपणे विकायला लागलात की ते दुसरं काम ठरू शकतं. विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर शिक्षण सुरू असताना फ्रीलान्सिंग चालत नाही. पदवीनंतर ओपीटी नावाची १२ महिन्यांची मुभा मिळते. त्यात स्वयंरोजगार चालतो, पण काम शिकलेल्या विषयातलंच हवं.

सर्वात जास्त गफलत होते ती एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्या जोडीदारासोबत गेलेल्यांच्या व्हिसावर. आपल्याकडच्या कितीतरी मुली लग्नानंतर अशा जातात. हातात वारली असते, मेंदी असते, कथक किंवा गाणं असतं. दुपार रिकामी असते. मग एट्सीवर दुकान उघडलं जातं, शेजारच्या मुलांचा क्लास सुरू होतो. ‘घरातूनच तर करतेय’ असं वाटतं. पण घरातून केलेलं कामही कामच. त्यासाठी ईएडी हे वेगळं परवानगीपत्र लागतं. मे २०१५ पासून ते काही एच-४ धारकांना मिळतं, तेही जोडीदाराची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोहोचली असेल किंवा त्याला एच-१बीच्या सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळाली असेल तर. ते मिळालं की स्वतःचा व्यवसायही करता येतो. मात्र ३० ऑक्टोबर २०२५ पासून नूतनीकरणाचा अर्ज केल्यावर जुन्या परवान्याला आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली आहे. नवं कार्ड वेळेत आलं नाही, तर क्लास थांबवावा लागतो.

कलाकारांसाठी म्हणून ओ-१बी व्हिसा आहे. पण त्याचा अर्ज कलाकार स्वतः करू शकत नाही. अमेरिकेतली संस्था किंवा एजंट लागतो, आणि क्षेत्रात नाव कमावल्याचे पुरावे लागतात.

ब्रिटनमध्ये चित्र उलट आहे. स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला स्पष्ट मनाई. शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावर मात्र तो चालतो. मुदत सध्या २ वर्षं, १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांसाठी बहुतेकांना १८ महिने. त्यापुढे ‘ग्लोबल टॅलेंट’, ज्यासाठी आर्ट्स कौन्सिल इंग्लंडची शिफारस लागते. म्हणजे पदवीनंतरच्या दीड-दोन वर्षांत प्रदर्शनं, प्रकाशित काम, समीक्षा असं सगळं जमवायचं. आणि घरभाडं लंडनचं.

जर्मनीनं प्रश्न वेगळा सोडवला

मला सगळ्यात प्रामाणिक वाटते ती जर्मनीची व्यवस्था. तिथल्या निवास कायद्याच्या कलम २१ मध्ये फ्रीलान्स काम करणाऱ्यांसाठी परवान्याची स्वतंत्र तरतूद आहे आणि कलाकार त्यात बसतात. मोठं नाव लागत नाही. आरोग्य विमा, पोट भरेल असा उत्पन्नाचा अंदाज, केलेलं काम आणि तिथल्या ग्राहकांची ‘आम्ही याला काम देऊ इच्छितो’ अशी पत्रं लागतात. वय ४५ च्या पुढे असेल तर म्हातारपणाची तजवीजही दाखवावी लागते. तिथं शिकत असलेल्या विद्यार्थ्यानं मात्र हे गृहीत धरू नये. त्याला स्वयंरोजगारासाठी परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी घ्यावी लागते.

खरी गंमत पुढे आहे. जर्मनीत १९८३ पासून कलाकारांसाठी सामाजिक विम्याची योजना लागू आहे, तिचं जर्मन नाव ‘क्युन्स्टलरसोत्सियालकासं’, लोक केएसके म्हणतात. नोकरदाराच्या विम्याचा अर्धा हप्ता मालक भरतो. कलाकाराला मालकच नाही, मग अर्धा कोण भरणार? तर ज्या प्रकाशनसंस्था, जाहिरात कंपन्या, गॅलऱ्या कलाकारांकडून काम घेतात, त्यांना मानधनावर सुमारे ५ टक्के शुल्क द्यावं लागतं, उरलेला वाटा केंद्र सरकार घालतं. कलाकार आरोग्य, शुश्रूषा आणि पेन्शन विम्याचा अर्धाच हप्ता भरतो. अट एवढीच, की कलेतून वर्षाला किमान ३,९०० युरो मिळायला हवेत. नवख्यांना पहिली तीन वर्षं त्यातूनही सूट.

हे वाचून लगेच जर्मन क्लास लावू नका. याच केएसकेत नोंदलेल्या कलाकारांचं सरासरी वार्षिक उत्पन्न २० हजार युरोंच्या आसपास आहे. जर्मनीतलं किमान वेतन जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो. आठवड्याला ४० तासांच्या हिशेबानं वर्षाचे जवळपास २९ हजार होतात. म्हणजे इतकी चांगली व्यवस्था असलेल्या देशातही सरासरी कलाकार दुकानात पूर्णवेळ काम करणाऱ्यापेक्षा कमी कमावतो. फरक इतकाच, की आजारी पडला तर तो रस्त्यावर येत नाही.

‘सूझा गेलेच होते की’

असा विषय निघाला की कुणीतरी एफ. एन. सूझा यांचं नाव घेतं. सालिगावचा गोव्याचा मुलगा, १९४५ मध्ये जेजेतून काढून टाकलेला, १९४९ मध्ये लंडनला गेला आणि जगप्रसिद्ध झाला. गोष्ट खरी आहे, फक्त मधली सहा वर्षं गाळून सांगितली जाते. १९५५ मध्ये गॅलरी वनमधल्या प्रदर्शनानं त्यांचं नशीब पालटलं. तोवर घर बऱ्याच अंशी पत्नी मारिया यांच्या कमाईवर चाललं. पुढे १९५६ पासून हॅरॉल्ड कोव्हनर या अमेरिकी संग्राहकानं काही वर्षं चित्रांच्या बदल्यात नियमित पैसे दिले. म्हणजे आधी बायकोचा पगार, मग एक आश्रयदाता. चित्रं तेव्हाही तितकीच थोर होती.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. राष्ट्रकुलातल्या नागरिकांना ब्रिटनमध्ये जाऊन राहण्या-कमावण्यावर १९६२ च्या कायद्यापर्यंत आजच्यासारखी बंधनं नव्हती. तो दरवाजा आता नाही.

आपल्या जवळचं उदाहरण अकोल्याच्या अंबादास खोब्रागडे यांचं. जेजेत शिकले, विणकर सेवा केंद्रात नोकरी केली, स्वामीनाथन वगैरे मंडळींबरोबर ‘ग्रुप १८९०’ मध्ये होते. १९७२ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ऑस्लोला स्थायिक झाले आणि २०१२ मध्ये वारले ते तिथंच. पत्नी नॉर्वेच्या, आणि कलाकारांना सरकारी पाठ्यवृत्ती देणाऱ्या देशांत नॉर्वे पुढे आहे. शिवाय ते गेले ते नाव झाल्यावर. बाविसाव्या वर्षी कर्ज काढून जाणाऱ्या मुलाशी त्यांची तुलना कशी करणार?

म्हणून माझं मत जरा अप्रिय वाटेल. कला शिकलेल्या मुलानं ‘बाहेर गेलो की काम सुरू करीन’ या भरवशावर २५-३० लाखांचं शैक्षणिक कर्ज घेऊ नये. एमएस करणाऱ्या इंजिनिअरच्या कर्जामागे निदान पगाराची आशा असते. इथं हप्ता महिन्याला येतो आणि ऑर्डर कधी येईल ते सांगता येत नाही. कन्सल्टन्सीवाले कोर्सची फी आणि शहराचे फोटो दाखवतात. त्यांना एकच विचारा, ‘कोर्स संपल्यावर मी स्वतःच्या नावानं बिल फाडू शकतो का, आणि किती महिने?’ उत्तर लेखी मागा. नंतर त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः तपासा, कारण हे नियम वर्षा-दोन वर्षांत बदलतात.

आणि घरच्यांनीही एक करावं. क्लासला दोन वर्षं देतो, तशी कलेला द्यावीत, पण अंबाजोगाईतच. इथं भाडं नाही, जेवण घरचं. बाहेरच्या ग्राहकाचं इलस्ट्रेशन इथून करता येतं, भारतात बसून बाहेरची ऑर्डर घ्यायला कुठला व्हिसा लागत नाही. मूळ चित्र पाठवायचं तर टपाल खात्यानं २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रं सुरू केली आहेत, छोट्या पार्सलचे निर्यातीचे कागद तिथं होतात.

त्या दोन वर्षांत प्रत्येक कामाचं बिल, करार, बँकेत आलेल्या परकीय चलनाची पावती आणि ग्राहकाचं कौतुकाचं मेल एका फोल्डरमध्ये तारखेनिशी ठेवत जायचं. जर्मन परवान्याच्या अर्जात ग्राहकांची पत्रं आणि उत्पन्नाचा अंदाज मागतात, तेव्हा हाच फोल्डर उघडायचा असतो. दोन वर्षांनी तो रिकामाच राहिला, तर तिकिटाचे पैसे अजून खात्यातच असतील.