विखुरलेल्या मतांचे मोल

निवडणुकीचा निकाल लागला की कोणत्या पक्षास किती जागा मिळाल्या याची चर्चा आठवडाभर चालते; परंतु किती मतदारांचा कौल विधिमंडळाच्या दारापर्यंतही पोहोचला नाही, याचा हिशेब सहसा कोणी मागत नाही. या सदरात आज तोच मागावयाचा आहे.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसने सुमारे ४५ टक्के मतांवर लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा जिंकल्या. समाजवादी पक्षाला दहा टक्क्यांहून अधिक मते पडूनही त्याच्या पदरी अवघ्या १२ जागा आल्या आणि त्याच्या तृतीयांशाहूनही कमी मते मिळविणाऱ्या कम्युनिस्टांना १६ जागा लाभल्या. कारण कम्युनिस्टांचे बळ मोजक्या प्रदेशांत एकवटलेले, तर समाजवाद्यांचे देशभर विखुरलेले होते. २०१४ साली बहुजन समाज पक्षाला दोन कोटींहून अधिक मते मिळूनही एकही जागा मिळाली नाही. तमिळनाडूपुरत्या अण्णाद्रमुकने त्याहून कमी मतांत ३७ जागा मिळविल्या. सर्वाधिक मतांच्या उमेदवारास विजयी ठरविणारी ही पद्धत मताचे मोल मतदाराच्या वस्तीवरून ठरविते.

जो समाज सर्वत्र आहे परंतु कोठेही बहुसंख्य नाही, त्याला तिची झळ सर्वाधिक बसते. १९३७ च्या मुंबई प्रांतिक निवडणुकीत बहुसदस्य मतदारसंघातील मतदाराला आपली सारी मते एकाच उमेदवारास देण्याची मुभा होती, आणि डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने तेव्हा उल्लेखनीय यश मिळविले. स्वतंत्र भारताच्या कायद्याने ती मुभा काढून घेतली. १९५२ साली उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात स्वतः बाबासाहेब पराभूत झाले. त्या पराभवाची कारणे अनेक असली, तरी अल्पसंख्य मतदारांच्या हातचे एक साधन तोवर गेलेले होते, हे विसरता येत नाही.

४ जानेवारी १९४९ रोजी काझी सय्यद करीमुद्दीन यांनी संविधान सभेत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मागणी केली, तेव्हा देशातील निरक्षरता आणि स्थिर सरकारची निकड या दोन कारणांस्तव बाबासाहेबांनीच तिला विरोध केला होता. त्यांतील पहिले कारण आज बरेचसे ओसरले आहे. दुसरे आदरास पात्र आहे, आणि त्याचा मान राखणारी तोडही उपलब्ध आहे: लोकसभेच्या विद्यमान जागा कायम ठेवून त्यांत चतुर्थांश जागांची भर घालावी व त्या पक्षांच्या मतप्रमाणानुसार भराव्यात, अशी शिफारस विधी आयोगाने १९९९ मध्येच केली. किमान मतांची अट मात्र छोट्या पक्षांची वाट अडविण्याइतकी कडक नसावी. ही शिफारस दप्तरातून बाहेर काढून संसदेने तिचा विचार करावा; कारण बहुमताला राज्य करण्याचा अधिकार असला, तरी अल्पमताचा आवाज सभागृहाबाहेर ठेवण्याचा अधिकार त्यास कोणत्याही लोकशाही तत्त्वाने दिलेला नाही.