थंडीत जास्वंद विकताना

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा लागला की नाशिक, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर या पट्ट्यातून तक्रारी सुरू होतात, आणि त्या सगळ्या एकाच नमुन्याच्या असतात. जास्वंदीची पाने पिवळी पडून गळतात, कळ्या उमलण्याआधीच देठासकट सुटतात, भर दुपारी झाड मान टाकते. गिऱ्हाईक रोपवाटिकेत येते आणि आपण ठरलेले उत्तर देतो: पाणी वाढवा, चमचाभर एकोणीस-एकोणीस-एकोणीस घाला, नाहीतर छाटून टाका. ही तिन्ही कामे त्या दिवसांत करायचीच नसतात. महिनाभरात झाड जाते आणि खापर गारठ्यावर फुटते.

गारठा अगदीच निर्दोष आहे, असे नाही. जास्वंद उष्ण प्रदेशातली. रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरला की तिची वाढ जवळजवळ थांबते, आणि पानांवरचे दहिवर गोठले तर कोवळे शेंडे काळे पडतात. पण आपल्याकडे असे गोठणे मोजक्या जागी आणि मोजक्या पहाटी. २०१८च्या डिसेंबरअखेर नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. निफाडकरांना तर असे आकडे नवे नाहीत. तरीही गावठी तांबड्या जास्वंदीची जुनी झुडपे या भागांतल्या परसांत वर्षानुवर्षे उभी आहेत. मरतात ती बहुतेक कुंडीतली संकरित झाडे, आणि ती मरतात पाण्याने.

हे कसे होते, ते दुपारी एकच्या सुमारास कुंडीजवळ बसून पाहावे. पठारावरच्या थंडीत दिवसा हवा अठ्ठावीस-तीस अंशांवर जाते, ऊन चटका देते आणि पानांतून बाष्प भराभर उडते. कुंडीतली माती मात्र रात्रभर गारठलेली असते, त्यातून कुंडी मातीची असेल तर अंगातून पाणी झिरपून ती आणखी गार पडते. थंड मुळे संथ चालतात, पानांची मागणी त्यांना पुरवता येत नाही. झाड मलूल दिसते. बोट दोन पेरे मातीत खुपसले तर माती ओली लागते, पण बोट खुपसतो कोण? झारी उचलली जाते. संध्याकाळी झाड आपोआप सावरते आणि पाणी घातल्याचा गुण आला, अशी मालकाची खात्री पटते. आठवडाभर हा क्रम चालला की मुळे कुजू लागतात. मग खरोखरच पाणी वर चढत नाही, आणि पाणी आणखी वाढवले जाते.

नव्या पानांचा पिवळेपणाही असाच फसवा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला, तर ती लोहाची कमतरता. मात्र पुष्कळदा लोह मातीत असते, थंड मुळांना ते उचलता येत नाही. बोअरचे चुनखडीचे पाणी असेल तर दुखणे वाढते. अशा वेळी मातीत खताचा मारा करून काही साधत नाही. चिलेटेड लोहाची हलकी फवारणी पानांवर करावी आणि ऊब येण्याची वाट पाहावी.

आता आपल्या धंद्याकडे येऊ. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या संकरित जास्वंदींचा मोठा वाटा आंध्रातल्या कडियमहून आणि बंगालमधून ट्रकने येतो. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या दमट हवेत वाढलेले रोप दोन-तीन दिवसांत नाशिकच्या आठ-नऊ अंशांत उतरते. त्याच्या मुळाशी चिकण मातीचा घट्ट गोळा असतो. प्रवासात मुळे सुकू नयेत म्हणून तो सोयीचा आहे, पण आपल्या थंडीत हाच गोळा दिवसेंदिवस ओला राहतो, आणि बाहेरचे कोकोपीट कोरडे दिसले की गिऱ्हाईक पुन्हा पाणी घालते. डिसेंबरात तो गोळा फोडायला जाऊ नये, तुटलेली मुळे त्या गारठ्यात लवकर भरून येत नाहीत. गोळ्यासकट रोप दक्षिणेकडच्या भिंतीशी उन्हात ठेवावे, पाणी बेताने द्यावे आणि माती बदलण्याचे काम फेब्रुवारी उलटल्यावर करावे. खरे तर मालच दिवाळीआधी उतरवायला हवा, म्हणजे थंडी पडेपर्यंत रोप इथल्या हवेला सरावते. पण डिसेंबरात फुललेले रोप हातोहात खपते, हे आपल्याला ठाऊक असते. गार हवेत फूल एकाऐवजी दोन दिवस टिकते, काही संकरांचा रंगही गडद होतो. गिऱ्हाईक त्या फुलाला भुलते. कळ्या घरी जाऊन गळतात.

माघी गणेश जयंतीचे गणित तर उलटेच आहे. तांबड्या फुलाला मागणी चढते नेमकी त्या दिवसांत, जेव्हा झाड सर्वांत कमी फुलते. फुलासाठी झाडाला खतावर खत देणारे गिऱ्हाईक या दिवसांत हमखास येते. त्याला स्पष्ट सांगावे की डिसेंबरपासून नत्र बंद. नत्राने फुटलेली कोवळी पालवी पहिल्या कडक पहाटेला करपते आणि तोवर माव्याला आयती मेजवानी मिळते. बोनमील आणि डीएपी देण्याच्या सवयीबद्दलही एकदा बोलायला हवे. जास्वंदीला स्फुरदाचा अतिरेक सोसत नाही. तिला पालाश हवा, आणि तोही ऊब आल्यावर.

छाटणीचे तेच. शेंडे काळे पडले तरी कात्री लगेच चालवू नये. नखाने साल खरवडून पाहावी. आत हिरवे असेल तर फांदी जिवंत आहे. मेलेले शेंडे खालच्या डोळ्यांवर आडोसा धरतात, शिवाय छाटले की झाड फुटायला बघते आणि ती फूट अवेळी ठरते. रथसप्तमी उलटून रात्री उबदार झाल्या की निर्धास्त छाटावे. निफाडसारख्या ठिकाणी आणखी थोडे थांबलेले बरे.

पाणी सकाळी दहानंतर, ऊन कुंडीवर आल्यावर. टाकीतले पहाटेचे पाणी बर्फगार असते, विहिरीचे त्या वेळी कोमट. थंडीत द्राक्षबागांना पहाटे विहिरीचे पाणी देणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. कडक रात्री झाडावर गोणपाट किंवा जुनी चादर टाकावी आणि सकाळी काढावी. प्लास्टिक पानांना चिकटले तर तेवढीच पाने करपतात.

रोपवाटिकेची जागाही पाहा. महाबळेश्वरात दहिवर गोठल्याच्या बातम्या येतात त्या वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याकडून, वरच्या बाजारपेठेतून नव्हे, कारण निरभ्र, निवांत रात्री जड थंड हवा उतारावरून खोलगट भागात जाऊन साचते. नदीकाठच्या शेडनेटमध्ये आणि टेकाडावरच्या शेडनेटमध्ये म्हणूनच दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. नाजूक संकर टेकाडावर ठेवावेत. ते गावठी खुंटावर कलम केलेले असतील तर जास्त तग धरतात. फ्लोरिडा आणि ऑस्ट्रेलियातले जास्वंदवाले हे फार पूर्वीपासून करत आले आहेत. आपल्याकडे मात्र छाट कलमाची पिशवी स्वस्त पडते म्हणून कलमी झाड मागे पडले.

परदेशातली मराठी मंडळी अलीकडे व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून सल्ला विचारतात. गणपतीला घरचे फूल हवे म्हणून न्यू जर्सी, शिकागोकडे कुंडीत जास्वंद पाळणारे बरेच आहेत. त्यांचा प्रश्न वेगळा. रात्र दहा अंशांखाली जायच्या आत कुंडी घरात घ्यायची, दक्षिणेच्या खिडकीशी ठेवायची आणि हीटरच्या कोरड्या हवेत पानांखाली लाल कोळी शोधत राहायचे. अंगणातच जास्वंद हवी असेल तर त्यांना दक्षिण कोरियाचे राष्ट्रीय फूल असलेली हिबिस्कस सिरियाकस सुचवावी. ती पाने गाळून बर्फातही तगते. पाणी कमी द्या, हा सल्ला मात्र त्यांनाही लागू पडतो.

वाचकांना दोन विनंत्या. डिसेंबर-जानेवारीत संकरित जास्वंद विकायचीच असेल, तर सोबत मराठीत एक चिठ्ठी द्या: बोट खुपसून पाहिल्याशिवाय पाणी नाही, फेब्रुवारीपर्यंत खत नाही, छाटणी नाही. आणि रोपवाटिकेत किमान-कमाल तापमापी टांगून या हंगामात रोजची नोंद ठेवा. कोणत्या जातीची किती रोपे दगावली, ती कलमी होती की छाट कलमाची, हेही त्यात लिहा. मार्चअखेर या नोंदी आमच्याकडे पाठवल्यात, तर मे महिन्याच्या अंकात त्या जिल्हावार छापू.