शंभर रुपयांच्या आतले इंजेक्शन

दात काढण्यापूर्वी हिरडी बधिर करायला दंतवैद्य टोचतात ते लिग्नोकेन. हेच औषध स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती टोचले तर? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातील ११ केंद्रांवर सुमारे १,६०० स्त्रियांमध्ये हे तपासून पाहिले. निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटे आधी इंजेक्शन दिले. पुढचे उपचार सर्वांना सारखेच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनी इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, न मिळालेल्यांपैकी ८६.४ टक्के. म्हणजे शंभरामागे जवळजवळ चार जीव, आणि खर्च शंभर रुपयांच्या आत.

गाठ हाताळताना पेशी निसटून रक्तात जातात. लिग्नोकेन पेशींमधील सोडियमचे मार्ग बंद करून त्यांची हालचाल रोखत असावे, असा तर्क आहे. मात्र या चाचणीत दुसऱ्या गटाला लुटुपुटीचे इंजेक्शन दिलेले नव्हते. शिवाय आजार सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्या आणि आधी केमोथेरपी न घेतलेल्या स्त्रियांपुरताच हा निष्कर्ष आहे. म्हणून तो इतरत्र पडताळायला हवा. पण पेटंट केव्हाच संपलेल्या औषधाच्या चाचणीवर कोणती कंपनी पैसा लावेल? टाटा रुग्णालय अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली आहे, म्हणून हे जमले.

जुने औषध चालेलच असेही नाही. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनबद्दल प्रयोगशाळेतून मोठ्या आशा होत्या. स्तनाचा कर्करोग झालेल्या ३,६४९ रुग्णांवरील चाचणीत २०२२ मध्ये त्या बहुतांशी मावळल्या. ॲस्पिरिनची गोष्ट अधिक बोधक. स्तनाच्या कर्करोगात ते निष्प्रभ ठरले. मात्र मोठ्या आतड्याच्या कर्करोगात, गाठीत विशिष्ट जनुकीय बदल असलेल्या रुग्णांच्या एका गटात, रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिनने तीन वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण १४.१ वरून ७.७ टक्क्यांवर आले. उत्तर युरोपातील ही चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. गाठीची जनुकीय तपासणी केल्याशिवाय हा फायदा कोणाला होईल हे कळत नाही, आणि ती तपासणी गोळीपेक्षा कितीतरी महाग पडते.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या आयव्हरमेक्टिनच्या 'कर्करोगमुक्ती'ला असा कोणताही आधार नाही. लिग्नोकेनला आहे, शस्त्रक्रियेची तारीख ठरलेल्या स्त्रीने त्याबद्दल आपल्या सर्जनला आधीच विचारावे.