राखीव पोराची बाजू घेण्याआधी

राजेहो, टीम हरायला लागली की यवतमाळच्या दत्त चौकापासून पांढरकवड्याच्या बसस्टँडपर्यंत एकच वाक्य ऐकू येतं. "याले काढा बे आता! त्याले कायले बसवून ठेवलं हाये?" 'हा' म्हणजे खेळणारा आणि 'तो' म्हणजे बाकावरचा. 'हा' गेल्या तीन सामन्यांत काय काय चुकला ते सगळ्यांना तोंडपाठ असतं. 'तो' मात्र चुकलेलाच नसतो, कारण त्याला खेळवलेलंच नसतं.

वाद घालू नका असं मी म्हणत नाही. वाद नसेल तर क्रिकेट पाहायचं तरी कशाला? विदर्भाची टीम रणजीत उतरली 1957-58 मध्ये, आणि त्यानंतर साठ वर्षं तिच्यावर कोणी फारसं भांडलंही नाही. हरणार हे ठरलेलंच असायचं. आता लोक भांडतात, कारण आता अपेक्षा आहेत, आणि ते चांगलंच आहे. माझं सांगणं एवढंच, की बाकावरच्या पोराची बाजू घ्यायची तर त्याच्यासाठी घ्या. खेळणाऱ्यावरचा राग काढायला त्याची काठी करू नका.

आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या अक्षय कर्णेवारचं बघा. दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा गोलंदाज. 2017 च्या सप्टेंबरात चेन्नईला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सराव सामन्यात त्याने डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी गोलंदाजी केली आणि देशभर त्याचं नाव झालं. पण विदर्भाच्या संघात डावखुरा फिरकीपटू म्हणून पहिला मान आदित्य सरवटेचा. ऑफ-स्पिनला अक्षय वखरे. जागा मोजक्या आणि माणसं जास्त. अशा ठिकाणी कर्णेवारला कधी जागा मिळायची, कधी नाही.

आता 2018-19 चा रणजीचा अंतिम सामना आठवा. नागपूरजवळ जामठ्याला, सौराष्ट्राविरुद्ध. सरवटेने त्या सामन्यात 11 बळी घेतले आणि पुजारासारख्या फलंदाजाला दोन्ही डावांत मिळून एकच धाव करू दिली. साहजिकच सगळे सरवटेबद्दल बोलले. पण विदर्भाच्या पहिल्या डावातल्या 312 धावांत कर्णेवारच्या नाबाद 73 होत्या, त्याही खालच्या क्रमांकावर येऊन. सौराष्ट्र 307 वर बाद झालं. म्हणजे आघाडी फक्त 5 धावांची! त्या 73 नसत्या तर दुसऱ्या डावात सरवटे कोणत्या दडपणाखाली गोलंदाजी करत असता, याचा विचार करा. लगेच फेब्रुवारीत इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध कर्णेवारने शतक ठोकलं, 102. फिरकी गोलंदाज म्हणून घेतलेल्या माणसाने!

म्हणून "सरवटे की कर्णेवार" हा प्रश्नच अर्धवट आहे. अकरा जणांच्या संघात एकाला काढून दुसऱ्याला घातलं की बाकीची घडीही हलते. आठव्या क्रमांकावर कोण येणार, खेळपट्टी कोरडी असेल तर तिसरा फिरकीपटू घ्यायचा की नाही, जलद गोलंदाज दोन ठेवायचे की तीन, हे सगळं त्याला जोडलेलं असतं. टपरीवर आपण दोन नावं समोरासमोर ठेवतो. निवड करणाऱ्याला अकरा ठेवावी लागतात.

आकड्यांचं तर विचारूच नका. 2021 च्या नोव्हेंबरात सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत कर्णेवारने मणिपूरविरुद्ध चार षटकं टाकली, चारही निर्धाव, वर 2 बळी. ट्वेंटी-20 मध्ये तोपर्यंत कोणा पुरुष गोलंदाजाने असं केलं नव्हतं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण त्या दिवशी मणिपूरचा संघ 55 धावांत आटोपला होता, हेही त्याच वहीत लिहून ठेवावं लागतं. उद्या कोणी म्हणेल, "चार निर्धाव षटकं टाकणाऱ्याला बसवता कसे?" तर त्याला विचारा, समोर कोण होतं? मुंबईसमोर टाकलेली चार षटकं आणि मणिपूरसमोर टाकलेली चार षटकं एका तराजूत बसत नाहीत. विक्रम खोटा ठरत नाही, फक्त तो कशाचा पुरावा आहे ते नीट सांगा.

आता वाईट मोसमांकडे वळू, कारण वाद तिथेच पेटतो. ओळीने दोन विजेतेपदं मिळवल्यावर विदर्भ 2019-20 ला बाद फेरीत पोहोचला नाही. 2020-21 ला कोरोनामुळे रणजी झालीच नाही. 2021-22 आणि 2022-23 लाही विदर्भ बाद फेरीत पोहोचला नाही. चॅम्पियन टीमचं हे असं काय झालं, असं वाटणं रास्तच होतं. सगळे संपले, सगळे म्हातारे झाले, नवी पोरं आणा, हा सूर अशाच वेळी निघतो.

पण त्याच तिसऱ्या फसलेल्या मोसमात, जानेवारी 2023 मध्ये, जामठ्यावर काय झालं? विदर्भ पहिल्या डावात 74 वर गारद. शेवटी गुजरातला जिंकायला अवघ्या 73 धावा हव्या होत्या. गुजरात 54 वर बाद! रणजीच्या इतिहासात एवढं छोटं लक्ष्य कोणीच राखलं नव्हतं. त्या डावात सरवटेने 17 धावांत 6 बळी घेतले आणि दुसऱ्या बाजूने विशीतला एक नवा पोरगा फिरकी टाकत होता, हर्ष दुबे. म्हणजे 'म्हातारा' आणि 'नवा' एकाच डावात एकमेकांना साथ देत होते. मोसम मात्र फुकटच गेला. आकड्यांत त्याची नोंद अपयश म्हणूनच आहे.

हाच दुबे 2024-25 मध्ये एका रणजी मोसमात 69 बळी घेऊन विक्रम करून बसला आणि विदर्भ तिसऱ्यांदा विजेता झाला. तोवर सरवटे केरळकडे गेला होता. जामठ्याच्याच अंतिम सामन्यात तो केरळच्या बाजूने विदर्भाविरुद्ध उतरला आणि 79 धावा करून गेला. त्याच्यासाठी टाळ्या वाजवायच्या की नाही, हा पेच तेव्हा अनेकांना पडला असणार. मी तर वाजवल्या असत्या. आणि कर्णेवार? विदर्भाच्या त्या अकरांत तोही होता, दुबेच्या सोबतीला. ज्याला राखीव म्हणून मोजत होतो, तो पहिल्या विजेतेपदानंतर सात वर्षांनीही संघात होता.

बाकावरचा खरंच उजवा निघतो, असंही होतं, बरं का. 2017-18 च्या पहिल्या विजेतेपदाच्या वेळी रजनीश गुरबानी मोसमात फक्त 6 सामने खेळला आणि 39 बळी घेऊन गेला. कोलकात्याला उपांत्य सामन्यात कर्नाटक 5 धावांनी हरलं, त्यात दुसऱ्या डावात त्याचे 7 बळी. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक. त्याच सामन्यात उमेश यादव नव्हता, म्हणून अकोल्याच्या आदित्य ठाकरेला थेट अंतिम सामन्यात पदार्पण मिळालं. आणि यष्टिरक्षक अक्षय वाडकरने, पहिल्याच मोसमात, 133 धावा केल्या. पुढे तो कर्णधारही झाला. तेव्हा नव्यावर विश्वास टाकू नका, असं कोणी शहाणा म्हणणार नाही.

हा वाद फक्त आपल्याकडेच नाही. अमेरिकेत कॉलेजांच्या फुटबॉलवर लोक आपल्यापेक्षा जास्त वेडे असतात. त्यांच्या टीममध्ये चेंडू फेकून सगळी चढाई चालवणारा एक खेळाडू असतो, क्वार्टरबॅक. जानेवारी 2018 च्या अंतिम सामन्यात जॉर्जियाविरुद्ध अलाबामाची टीम मध्यंतराला 0-13 ने मागे होती. प्रशिक्षकाने जेलन हर्ट्सला बसवलं, पहिल्या वर्षाच्या तुआ टागोवाइलोआला आणलं आणि सामना 26-23 ने जिंकला. राखीववाल्यांचा जयजयकार! पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात तुआ जखमी झाला, हर्ट्स बाकावरून उठला आणि त्याच जॉर्जियाला हरवून आला. 2025 मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या सामन्याचा मानकरी ठरला तोही हर्ट्सच. मध्यंतराला त्याला बसवणं बरोबर होतं. त्याला संपलेला म्हणणं मात्र चूक होतं. या दोन गोष्टींत आपण फार गल्लत करतो.

शिवाय तिकडे मध्यंतराला माणूस बदलता येतो. क्रिकेटमध्ये तसं नाही. रणजीत बदली खेळाडू क्षेत्ररक्षण करतो. गोलंदाजी नाही, फलंदाजी नाही. डोक्याला मार लागला तर 2019 पासून, आणि गंभीर दुखापत झाली तर 2025-26 पासून, त्याच प्रकारचा दुसरा खेळाडू पूर्णपणे खेळवता येतो. आयपीएलची 'इम्पॅक्ट प्लेयर'ची सोय रणजीत नाही. म्हणून सामना चालू असताना "काढा त्याला" म्हणून ओरडण्यात अर्थ नसतो. चार दिवस तोच अकरांचा संघ असतो. पुढच्या सामन्याची यादी तयार होईपर्यंत थांबा आणि तोवर निदान स्कोअरकार्ड नीट वाचा. बळी किती हे बघाल तसं षटकं किती टाकली, कोणत्या दिवशी टाकली, समोरचा संघ कोणता, झेल किती सुटले, हेही बघा. झेल सुटले असतील तर गोलंदाजावर कशाला तुटून पडता?

एक गोष्ट मात्र कोणत्याच स्कोअरकार्डात नसते: नेट्समध्ये काय चाललंय. कोणाचा खांदा दुखतोय, कोणी नवी पकड बसवतोय, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे आपल्याला कळत नाही. ते कळायला हवं असा आपला हक्कही नाही. म्हणून निवड चुकली असं ठणकावून म्हणा, पण 'वशिल्याने बसवलं', 'राजकारण आहे' हे पुरावा हातात असल्याशिवाय म्हणू नका. खेळणाऱ्या पोराच्या घरच्यांपर्यंत शिवीगाळ पोहोचवणारे वेगळेच. त्यांच्याशी मला बोलायचंच नाही.

आणि समजा तुमचं म्हणणं खरं ठरलं, तुमचा पोरगा संघात आला. पहिल्या सामन्यात 11 धावा, दुसऱ्यात 4. आता? त्याच्या आधीच्याला तुम्ही तीन सामने दिले होते. यालाही निदान तेवढे द्या. आपल्याकडे गंमत अशी, की राखीव असताना जो देव असतो, तो दोन सामन्यांत 'हाही तसलाच' होतो. मग बाकावर बसलेल्या तिसऱ्याचं नाव निघतं.

वर्ध्यामार्गे नागपूरला जाताना शहराच्या अलीकडेच जामठा लागतं. पुढच्या मोसमात रणजीचा सामना असेल तेव्हा एक दिवस काढा, एसटीने जा, घरून डबा घ्या. टीव्हीवर दिसत नाही ते तिथे दिसतं. गडी बाद झाला की जॅकेट घातलेली दोन पोरं बाटल्या, टॉवेल, सुके हातमोजे घेऊन मैदानात पळतात. लंचच्या वेळी सगळे जेवायला गेले की तीच पोरं एका स्टंपवर गोलंदाजी करत राहतात. त्यांपैकी कोणी सीमारेषेजवळून गेला आणि ओळखीचा वाटला, तर नावाने हाक मारा, गाव विचारा, यवतमाळचा निघाला तर आणखी छान. फक्त "तू कधी खेळणार?" हे विचारू नका. ते त्यालाही ठाऊक नसतं.