गाडी खाली बसवली, पण डिस्कच्या पाइपाचं काय?

अहिल्यानगर : गळीत हंगाम सुरू झाला की जिल्ह्यातल्या रस्त्यांची तऱ्हाच बदलते. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, वळणावर सांडलेली वाढ्यांची पेंढी. अशा रस्त्यावर एकदम ब्रेक मारायची वेळ दुचाकीवाल्यावर रोज येते. आणि नेमक्या याच रस्त्यावर आता पुढून खाली बसवलेल्या मोटारसायकली वाढल्या आहेत. एमएच 16 असो की एमएच 17, कॉलेज सुटताना कोणत्याही तालुक्याच्या एसटी स्टँडजवळ उभं राहिलं की दोन-चार तरी दिसतातच.

पोरांच्या हौसेवर टीका करण्यात अर्थ नाही. हौस प्रत्येक पिढीची असते. प्रश्न असा, की शॉकअप खाली घेताना ब्रेकच्या पाइपाकडे कोण बघतं? आणि ती गाडी एकट्या पोराची कुठे असते? सकाळी तिच्यावर बाप दुधाच्या किटल्या घेऊन डेअरीवर जातो, बाजाराच्या दिवशी आई मागे बसते. त्यांना शॉकअपमध्ये काय केलंय याची खबरही नसते.

आधी काय होतं ते समजून घेऊ. गाडी पुढून खाली करायची सोपी रीत म्हणजे टीचे बोल्ट सैल करून शॉकअपचे दांडे वर सरकवायचे. 25-30 मिलिमीटर दांडा वर गेला की चाक तेवढंच हँडलच्या जवळ येतं. हँडलवरच्या पंपापासून खालच्या कॅलिपरपर्यंत जाणारा पाइप मात्र कंपनीने दिला तेवढाच लांब राहतो. तो जास्तीचा पाइप कुठे तरी फुगवटा धरतो. साध्या रस्त्यावर कळत नाही. मागे माणूस, पुढे किटली आणि समोर गतिरोधक आला की शॉकअप पूर्ण दबतं, पाइप आणखी वाकतो आणि टायरला नाही तर मडगार्डच्या कडेला घासतो. रोज थोडं थोडं घासून वरचं रबर जातं, आतला दोऱ्याचा थर उघडा पडतो. ज्या दिवशी लिव्हर जीव खाऊन दाबली जाते त्याच दिवशी तो फुटतो. एचटीपी पंपाचा पाइप ज्याने फवारताना फुटलेला पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

याच्या उलट चूकही होते. पाइप लोंबतोय म्हणून आखूड आणायचा, आणि माप घ्यायचं गाडी दोन्ही चाकांवर उभी असताना. गाडीच्या वजनाने शॉकअप आधीच थोडं दबलेलं असतं. नुसते दांडे वर सरकवले असतील तर शॉकअपची चाल तेवढीच राहते. खड्ड्यातून उसळून पुढचं चाक उचललं की शॉकअप पूर्ण लांबतं आणि आखूड पाइप ताणला जातो. ताण येतो तो टोकाच्या दाबलेल्या जोडावर, म्हणजे बरोबर नाजूक जागी.

म्हणून माप घ्यायची रीत अशी. गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिनखाली लाकूड देऊन पुढचं चाक अधांतरी करा. पंपापासून कॅलिपरपर्यंत, पाइप ज्या वाटेने जातो त्याच वाटेने सुतळी लावा. हँडल डावीकडे पूर्ण, मग उजवीकडे पूर्ण वळवा. जिथे सुतळी सर्वात जास्त लागते ते माप धरा आणि वर बोटभर सैल ठेवा. दुकानात पाइपाची लांबी दोन्ही टोकांच्या भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात, सुतळीही तशीच मोजा. पाइप बसवल्यावर पट्टा बांधून पुढचा भाग खाली ओढा, नाही तर दोघांनी हँडलवर भार द्या, आणि परत दोन्ही बाजूंना हँडल फिरवून पाइप कुठे अडकतो, कुठे चिमटतो ते बघा. हे दुसरं बघणं गॅरेजमध्ये बहुतेक वेळा राहून जातं. घाई असते, पुढची गाडी दारात उभी असते.

खरं सांगायचं तर गाडी 20-25 मिलिमीटरच खाली घेतली असेल तर बहुतेक वेळा नवीन पाइप लागतच नाही. कंपनीचाच पाइप क्लिपमध्ये नीट बसवून वाट थोडी बदलली की काम होतं. क्लिपा काढून फेकायच्या आणि प्लास्टिकच्या पट्टीने पाइप शॉकअपला करकचून आवळायचा, हा धंदा बंद झाला पाहिजे. हँडल बदलून खालचं, दोन तुकड्यांचं टाकलं असेल तर मात्र फरक मोठा पडतो आणि पाइप बदलावाच लागतो. तेव्हा नुसती लांबी बघून भागत नाही, टोकाचा वाकही बघावा लागतो. सरळ टोक जिथे पाहिजे तिथे काटकोनाचं बसवलं की पाइपाला पीळ पडतो.

आता कोणता घ्यायचा? पोरांचा जीव स्टीलच्या जाळीवाल्यावर. तो वाईट नाही. दाबाखाली कमी फुगतो, त्यामुळे लिव्हर कडक लागते आणि ब्रेक लगेच पकडतो. पण एबीएस नसलेल्या गाडीवर, वाळू नाही तर मळी सांडलेल्या रस्त्यावर, लगेच पकडणारा पुढचा ब्रेक चाक जाम करून माणसाला आडवा पाडू शकतो. शिवाय उघडी जाळी कानशीसारखी असते. वायरिंगला लागली तर वायर कापते. वरून प्लास्टिकचं आवरण असेल तोच घ्यावा. बाजारात साध्या रबरावर चमकणारी जाळी चढवलेले पाइपही मिळतात. पाइपावर मानकाचा आणि तयार झाल्याच्या तारखेचा छापा नसेल तर तो परत द्यावा. रोज डेअरी आणि शाळा करणाऱ्या गाडीला योग्य लांबीचा रबरी पाइपच बरा, आणि तो स्टीलवाल्यापेक्षा खूप स्वस्तही पडतो.

एक जुगाड शेतकऱ्याच्या घरात हमखास सुचतो. ट्रॉलीच्या जॅकचे पाइप दाबून देणारं दुकान जवळच असतं, तिथूनच हव्या त्या मापाचा पाइप करून आणू. हे कधीच करू नये. तो पाइप जॅकच्या तेलासाठी असतो. ब्रेकचं ऑइल वेगळ्या जातीचं; त्याने त्या रबराची आतली भिंत फुगते, मऊ पडते. फुगलेला पाइप ऑइल पुढे जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, आणि ब्रेक सोडला तरी चाक धरून राहतं.

बसवताना प्रत्येक टोकाला बोल्टच्या दोन्ही अंगांना एक-एक तांब्याचा वायसर लागतो, आणि तो नवाच. जुना एकदा चेपला की झिरपतो. बोल्टचे आटे 1.00 आणि 1.25 अशा दोन प्रकारांत येतात. हाताने दोन-तीन फेरे सहज फिरत नसेल तर पान्याने रेटू नये, कॅलिपरचे आटे जातात. ऑइल पंपाच्या झाकणावर लिहिलेलं तेच, बहुतेक डॉट 3 किंवा डॉट 4, आणि नव्या डब्यातलं. उघड्या डब्यातलं ऑइल हवेतलं पाणी ओढतं. हवा काढून झाली की लिव्हर मिनिटभर घट्ट दाबून धरा. हळूहळू आत जात असेल तर गाडी रस्त्यावर काढू नका. एबीएसच्या गाडीत पाइप मधल्या युनिटमधून जातो, तिथे हवा अडकली तर सर्व्हिस सेंटरच गाठावं लागतं.

सरकारी बाजूही बघू. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या पुढच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे. जून 2025 मध्ये केंद्राने लहान गाड्यांनाही ते लावण्याचा मसुदा काढला. चांगलंच आहे, पण हे सगळं नव्या गाड्यांचं. गावात चालणाऱ्या गाड्या पाच-दहा वर्षांच्या आहेत. 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1 लाख 68 हजार 491 माणसं गेली, त्यातली जवळपास 44 टक्के दुचाकीवरची होती.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी 5 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. नाक्यावरची कारवाई मात्र सायलेन्सर आणि नंबर प्लेटवर होते, कारण ते ऐकू येतं, दिसतं. पीयूसीला धूर बघतात, ब्रेक नाही. खाजगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते, सरकारी तपासणी थेट नूतनीकरणाच्या वेळी. म्हणजे मधली 15 वर्षं त्या पाइपाकडे बघणारा माणूस एकच, गावातला मिस्तरी. त्याला तरी कोणी रीतसर शिकवलंय? तालुक्याच्या आयटीआयमध्ये मोटारसायकल मेकॅनिकांसाठी दोन दिवसांचा ब्रेकचा वर्ग ठेवायला मोठा निधी लागणार नाही. हंगामाआधी ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायचे कॅम्प होतात, त्याच मांडवात दुचाकीचं पुढचं चाक उचलून बघायची सोय करता येईल.

तोपर्यंत घरातल्या थोरल्यांनी डेअरीला निघण्याआधी एवढं करावं. हँडल दोन्हीकडे वळवून पुढच्या पाइपावरून बोट फिरवावं. कुठे खरखरीत, चपटं किंवा ओलं लागलं तर किटल्या त्या दिवशी शेजाऱ्याच्या गाडीवर द्याव्यात.