कोयत्याआधी काम

पुण्यात रात्री कोयते नाचवत गाड्यांच्या काचा फोडल्या जातात, सकाळी त्याची चित्रफीत मोबाइलवर फिरते आणि दोन दिवसांनी पोलिस त्याच पोरांना त्याच वस्तीतून फिरवतात. पकडलेल्यांत अनेक ‘विधिसंघर्षग्रस्त बालके’ असतात. म्हणजे अठराही पूर्ण न झालेली. धाक हवाच. पण कोयता हातात येण्याआधी सरकारला काही करता येते का? येते, आणि त्याची परीक्षाही झालेली आहे.

शिकागोत २०१२ च्या उन्हाळ्यात हिंसाग्रस्त भागांतल्या १३ शाळांमधल्या १,६३४ मुलामुलींमधून सोडत काढली गेली. नाव निघालेल्यांना आठ आठवडे किमान वेतनावर अर्धवेळ काम मिळाले. कोणी लहान मुलांच्या शिबिरात, कोणी वस्तीच्या बागेत, कोणी नगरसेवकाच्या कचेरीत. दर दहाएक मुलांमागे एक जाणते माणूस होते. संशोधक सारा हेलर यांनी सोळा महिन्यांच्या पोलिस नोंदी तपासल्या, तेव्हा नाव न निघालेल्यांपेक्षा या मुलांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४३ टक्क्यांनी कमी आढळल्या. ही घट बहुतांशी काम संपल्यानंतरची होती. पोरे दिवसभर अडकून पडली म्हणून शांत राहिली, असे म्हणण्याची सोय त्यामुळे उरत नाही. बोलणे ऐकून घेणे, राग गिळणे, वेळ पाळणे यातले काहीतरी त्यांच्या अंगी मुरले असावे, असे आम्हाला वाटते.

चोऱ्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. न्यूयॉर्कच्या अशाच योजनेत तुरुंगवास आणि अकाली मृत्यू घटले, तरी मुलांची पुढची कमाई वाढली नाही. तेव्हा बेरोजगारीवरचा उतारा म्हणून हे कोणी विकू नये. पण एक पोर तुरुंगाबाहेर आणि जिवंत राहणे, हे फळ लहान नाही.

आपल्याला यातले काही परके नाही. १९७२ च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. हजेरीपट आणि मुकादम गावोगाव पोहोचले; शहरातल्या वस्त्या मात्र त्या हमीबाहेरच राहिल्या. केरळने २०१० मध्ये आणि राजस्थानने २०२२ मध्ये शहरांसाठी अशी योजना आणली. आपण २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, पण तिची अट किमान बारावी पास आणि वय अठरा पूर्ण! आठवीत शाळा सुटलेला, नाक्यावरच्या ‘भाई’मागे फिरणारा सोळा वर्षांचा मुलगा त्या दारातून आत येणार कसा?

चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक नसलेले काम देण्यास कायद्याची आडकाठी नाही. टेकड्यांवरची रोपे जगवणे, महापालिका शाळांची उन्हाळी शिबिरे, वाचनालये अशी कामे शहरात पडून आहेत. पुणे महापालिकेने येत्या उन्हाळ्यात मोजक्या वस्त्यांत सोडत काढून सुरुवात करावी. मजुरी आठवड्याच्या आठवड्याला हातात पडावी आणि मुकादम असा निवडावा, जो पोर कामावर आले नाही तर त्याच्या घरी जाऊन विचारेल.