आनुवंशिकता ठेवली, उत्क्रांती उडवली

दोन पुस्तकं समोर ठेवून हे लिहितोय. दोन्ही दहावीची.

एक राज्य मंडळाचं. 'विज्ञान आणि तंत्रज्ञान', भाग २, २०१८ साली आलेलं. पहिलंच प्रकरण 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. दुसरं दिल्लीचं, एनसीईआरटीचं. त्यात पूर्वी 'हेरेडिटी अँड एव्होल्यूशन' असं प्रकरण होतं. २०२२ साली पोरांच्या डोक्यावरचा भार कमी करायचा म्हणून कात्री चालली, आणि २०२३ पासून छापलेल्या पुस्तकात नुसतं 'हेरेडिटी' उरलं.

गोंदियातल्या आमच्या वस्तीच्या विहारात मी संध्याकाळी पोरांना शिकवतो. तिथे ही दोन पुस्तकं एका चटईवर आली. राइस मिलच्या हमालाची पोरगी जिल्हा परिषदेच्या शाळेतली, तिच्याकडे प्रकरण आहे. रेल्वेतल्या बाबूचा पोरगा फी भरून सीबीएसईत शिकतो, त्याच्याकडे नाही. पोरगा विचारतो, "दादा, माझ्या पुस्तकातली पानं कोणी फाडली का?"

हो बाबा, फाडली. नीट बघ काय फाडलं ते. मायबापाकडून लेकराकडे काय जातं हे ठेवलं. जे जातं ते पिढ्यांगणिक बदलतं, हे काढलं. जन्माने जे मिळालं ते मिळालं एवढंच शिका, बदलाचं नाव घेऊ नका. अरे, हे तर आम्ही दोन हजार वर्षं शिकतोय! त्याला नवीन पुस्तक कशाला पाहिजे?

कात्रीवाले म्हणतात, बोंबलता कशाला, बारावीच्या जीवशास्त्रात आहे की उत्क्रांती. आहे. पण बारावीच्या जीवशास्त्रापर्यंत जातो कोण? देवरी-सालेकसाच्या आश्रमशाळेतला पोरगा? अर्जुनी मोरगावच्या खेड्यातली, दहावी झाली की आयटीआय नाहीतर लग्न अशी पोरगी? दहावी ही आमच्यातल्या बहुतेकांची विज्ञानाशी शेवटची भेट. पुढे कोणी आर्ट्सला जातं, कोणी मिलमध्ये, कोणी तेंदूपत्त्याला, कोणी नागपूर-रायपूरच्या गाडीत बसून बांधकामावर. ज्यांना डॉक्टर व्हायचंय त्यांच्यासाठी उत्क्रांती राखीव ठेवलीय. हे आरक्षण मात्र कोणाला खुपत नाही.

आता मागचं बघा. जानेवारी २०१८, तेव्हाचं औरंगाबाद. केंद्रातले शिक्षण खात्याचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह, जे आधी मुंबईचे पोलीस आयुक्त होते, ते म्हणाले की डार्विन शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे, शाळा-कॉलेजातून हे बदललं पाहिजे. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचं ना लिहिलंय ना सांगितलंय. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी निषेधाचं पत्रक काढलं. त्यांच्याच वरच्या मंत्र्यांनी, जावडेकरांनी, त्यांना असलं बोलू नका म्हणून सांगितलं. प्रकरण मिटलं म्हणून सगळे घरी गेले. चार वर्षांनी प्रकरण खरंच मिटलं, पुस्तकातून! या मंत्र्याने ते काढलं असं मी म्हणत नाही. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी ते परत घाला म्हणून सह्या केल्या. त्या सह्यांचं पुढे काय झालं ते या चटईवरच्या पुस्तकात दिसतंय.

पोलीस आयुक्त राहिलेल्या माणसाने साक्षीदार मागावा हे त्याच्या धंद्याला धरून झालं. मग आम्हीही मागतो. ब्रह्मदेवाच्या तोंडातून ब्राह्मण, बाहूतून क्षत्रिय, मांडीतून वैश्य, पायातून शूद्र बाहेर पडताना कोणाच्या आजोबाने पाहिलं? पंचनामा कुठे आहे? पंच कोण होते? आणि आम्ही तर त्या पुरुषसूक्ताच्या पायातही नाही. मग आम्ही कुठून आलो, याचं उत्तर द्यायला कोण हजर आहे? फक्त डार्विन.

जोतीरावांनी ही उलटतपासणी १८७३ सालीच घेतली होती. 'गुलामगिरी' उघडा. धोंडिबा आणि जोतीराव बसलेत आणि ब्रह्मदेवाच्या बाळंतपणाचा हिशेब चाललाय: तोंडातून पोर झालं तर विटाळ कुठे आला, चार ठिकाणी बाळंत झाला तर सोवळं कसं पाळलं. मत्स्य-कच्छ अवतारांचीही तिथे हजेरी घेतलीय. डार्विनचं माणसाच्या उत्पत्तीवरचं पुस्तक १८७१ चं. दोन वर्षांच्या अंतराने जगाच्या दोन टोकांना दोन माणसं एकाच भिंतीला धडका देत होती. आणि आज? जानेवारी २०१९ मध्ये जालंधरला भारतीय विज्ञान काँग्रेस भरली, तिथे आंध्र विद्यापीठाचे कुलगुरू उठून म्हणाले की दशावतार हा डार्विनपेक्षा सरस सिद्धांत आहे! मासा, कासव, डुक्कर, सिंह, वामन, चढता क्रम बघा म्हणे. कुलगुरू साहेब, चौथ्या इयत्तेतला पोरगाही विचारेल की वामनाने बळीला पाताळात घातलं ती कोणती उत्क्रांती?

पण दोस्तांनो, आपल्या घरातलंही बोलू. आपल्यातल्या किती पोरांना हे प्रकरण मनापासून आवडतं? मला नव्हतं आवडत. कारण सांगतो. मी शिकलो त्या शाळेत मास्तरांनी फळ्यावर ती प्रसिद्ध रांग काढली: वाकलेलं माकड, मग अर्धवट ताठ, मग ताठ माणूस. आणि शेवटच्या बाकावरच्या, वसतिगृहात राहणाऱ्या काळ्यासावळ्या गोंड पोराकडे बोट करून म्हणाले, मधला दुवा बघायचा असेल तर मागे वळा. वर्ग फिदीफिदी हसला. मीही हसलो. माझ्यावर आलं नाही म्हणून जास्तच हसलो. पुढच्या तासाला माझा नंबर लागला.

तेव्हापासून आम्हाला उत्क्रांती म्हणजे शिवी वाटायची. एका बाजूला धर्ममार्तंड म्हणतात, आम्ही ऋषींची लेकरं, माकडाची नाही. दुसऱ्या बाजूला तेच म्हणतात, तुम्ही मात्र माकडाचे. आणि आपण चिडून काय म्हणतो? आम्ही पण नाही! म्हणजे उत्तरातही त्यांचीच री ओढली.

त्या मास्तराचं विज्ञानच कच्चं होतं हे मला कॉलेजात कळलं. आजचं माकड कोणाचाच बाप नाही. चिंपांझी आणि माणूस यांचा एक जुना पूर्वज होता, त्याच्यापासून दोन वाटा साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी फुटल्या. माणूस घडला आफ्रिकेत, तीनेक लाख वर्षांपूर्वी, काळ्या कातडीचा. तो जितका माझा आजा तितकाच मास्तराचा आणि पीठाधीशाचा. डार्विनने १८३७ साली वहीत जे चित्र काढलं ते झाड आहे, फांद्या फुटलेलं. शिडी नाही! झाडाला वरची फांदी नि खालची फांदी अशी जात नसते. शिडी काढली ती यांच्या डोक्यातल्या वर्णाने.

आणखी एक सांगतो, हे मला कोणत्याही मास्तराने सांगितलं नाही. १८२६ साली सतरा वर्षांचा डार्विन एडिंबराला डॉक्टरी शिकत होता. तिथे त्याने पैसे देऊन एका माणसाकडे शिकवणी लावली: मेलेले पक्षी सोलायचे, कातडं कमवायचं, पेंढा भरून ठेवायचं. शिकवणारा होता जॉन एडमनस्टन. गयानातला काळा माणूस, जन्माने गुलाम, पुढे मुक्त झालेला. डार्विन जहाजावर जगभर फिरला, शेकडो पक्ष्यांची कातडी घेऊन परतला, ते त्या हातांनी शिकवलेल्या विद्येवर. मेलेलं जनावर सोलणाऱ्याला आमच्या गावात वेशीबाहेर ठेवलं. तिथे त्याला मास्तर केलं, आणि जगाचं ज्ञान बदललं.

आता डार्विनच्या नावावरही पाप आहे, ते लपवायचं कारण नाही. 'बळी तो कान पिळी' हा निसर्गनियम आहे असं सांगून गोऱ्यांनी वसाहती राखल्या, आणि आपल्याकडच्या शहाण्यांनी जातव्यवस्था म्हणजे वंशशुद्धीचं शास्त्र आहे असं ठोकून दिलं. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त त्या शहाण्यांना कोपऱ्यात घेतलंय. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे, मग कसली शुद्धी? आणि शुद्धीनेच वंश सुधारतो तर हा देश इतका खुरटा, इतका निर्बळ का? विज्ञान टाकून नाही, विज्ञान हातात घेऊन त्यांनी उत्तर दिलं.

आता येतो ज्यासाठी लिहायला बसलो त्यावर. सिकलसेल.

माझा धाकटा भाऊ सिकलसेलचा. दोन्हीकडून आलेला. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना त्या दुखण्याची रात्र सांगता येत नाही. हाडात कोणी खिळे ठोकतंय असं लेकरू ओरडतं. "माय, माझंच काऊन दुखते?" मायने जमेल तिथे नेलं. एका बुवाने सांगितलं मागल्या जन्माचं पाप. दुसरा म्हणाला घराण्याला शाप. एका पांढऱ्या कोटवाल्यानेही, "तुमच्या लोकांतच असतं हे," एवढंच म्हणून चिठ्ठी फाडून दिली. तुमच्या लोकांतच! बुवाचं आणि कोटवाल्याचं उत्तर मायला एकच ऐकू आलं.

राज्य मंडळाच्या नववीच्या पुस्तकात सिकलसेल आहे. दोन वाहक नवराबायको, तर प्रत्येक पोराला रोग होण्याची शक्यता चारात एक. छान. ही झाली आनुवंशिकता. पण भावाने विचारलं होतं, माझंच का? आमच्याच पूर्व विदर्भात का? गोंडांत का, पूर्वाश्रमीच्या महारांत का? याचं उत्तर आनुवंशिकतेत नाही. ते उत्क्रांतीत आहे.

अॅलिसन नावाच्या संशोधकाने १९५४ साली पूर्व आफ्रिकेत ते दाखवून दिलं. हिमोग्लोबिनच्या साखळीतला एक मणी बदलतो. दोन्ही मायबापांकडून आला तर रोग. पण एकाकडूनच आला तर त्या माणसाला जीवघेण्या हिवतापापासून बरंच संरक्षण. म्हणजे जंगल, पाणी, डास, हिवताप जिथे पिढ्यानपिढ्या होता तिथे वाहकाची लेकरं जगली, म्हणून तो मणी टिकला. आमच्या धानाच्या बांध्या, बोड्या, तलाव, नवेगाव-नागझिऱ्याचं रान: हिवतापाचं माहेर. ते पाप नव्हे, शाप नव्हे, हलकं रक्त नव्हे. आमचे आजे-पणजे जिथून जिवंत निघाले त्या लढाईची ती खूण आहे, आणि तिची किंमत माझा भाऊ मोजतो.

पुढचं ऐका. तो मणी एवढा एकवटला कसा? जातीतच लग्न करून. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात सांगितलं की जात म्हणजे जातीतल्या जातीत लग्न, बाकी सगळं त्यावरचा लेप. शंभर वर्षांनी, २०१६ साली, बंगालमधल्या कल्याणीच्या जीनोम संस्थेतल्या संशोधकांनी रक्त तपासून सांगितलं की या देशात आधी सगळे एकमेकांत मिसळत होते. वरच्या जातींत ते मिसळणं सुमारे ७० पिढ्यांपूर्वी एकदम थांबलं. कोणीतरी दरवाजा लावला. सनातन म्हणे! सत्तर पिढ्या! आज डॉक्टर सांगतो, वाहकाने वाहकाशी लग्न टाळा. जात सांगते, जातीतच कर. कोणाचं ऐकायचं ते ठरवायला पोराला दहावीत हे प्रकरण पाहिजे की नको?

१ जुलै २०२३ रोजी शेजारच्या मध्य प्रदेशात, शहडोलला, पंतप्रधानांनी सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, २०४७ पर्यंत रोग घालवू म्हणून. आणि त्याच वर्षी पुस्तकातून ते पान गेलं, ज्यात हा रोग इथे का आहे ते कळायची वाट होती. तपासणीसाठी आमचं रक्त घ्या, पण त्याचा अर्थ आम्हाला सांगू नका?

माझी माय निंदणाला जाते. छत्तीसगडी बाया ज्याला करगा म्हणतात ते तण धानासारखंच दिसतं. माय म्हणते, "वेगळं दिसते ते उपटतो, धानावानी दिसते ते वाचते. म्हणून दरसाल ते जास्तच धानावानी होऊन राह्यलं." अंगठा लावणारी बाई. निवडीचा सिद्धांत तिने तीन वाक्यांत सांगितला. तिला कळतं ते दहावीच्या पोराला भार होतं?

मे २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मूल्यशिक्षणाच्या जागी मनुस्मृतीतला श्लोक छापून आला. जी पोथी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळली, ती शाळेच्या दारात येऊन बसली. ओरड झाली, पुस्तकात येणार नाही असं मंत्र्यांनी सांगितलं. २०२५ साली जाहीर झालं की राज्यातल्या शाळांत सीबीएसईच्या धर्तीचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येणार, सुरुवात पहिलीपासून. आज पहिलीत बसलेलं आमचं लेकरू दहावीला पोचेल तेव्हा त्याच्या पुस्तकात यातलं काय असेल, यावर नजर ठेवणारा आपल्यातला कोण आहे? मोर्चाला आपण हजारोंनी जातो. मसुद्यावर हरकती मागवतात तेव्हा किती पत्रं जातात? हे मी मलाच विचारतोय. २०२४ ला मी पाठवलं नाही. पुतळ्यांच्या रंगाची वर्गणी गोळा करत होतो.

सालेकसाची गोंड पोरं वर्गाला येतात. माघ पौर्णिमेला ती कचारगडला जातात. गुहेत कोंडलेल्या लेकरांना लिंगोने बाहेर काढलं ही त्यांची आठवण. त्यांच्या गोत्राला झाड असतं, प्राणी असतो, त्याला ते मारत नाहीत, नातलग मानतात. मी त्यांना सांगितलं, परीक्षेत गुहेला मार्क नाहीत. पण झाड आणि जनावर आपले नातलग आहेत, हे शिकायला तुम्हाला आमच्याइतका त्रास पडणार नाही.

काल रेल्वेबाबूच्या पोराला राज्य मंडळाचं प्रकरण काढून द्यायला झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पानं चाळली. "परीक्षेत येणार आहे का?"

"माझ्या नाही," पोरगा म्हणाला. "अकरा कॉप्या काढा."